आधी कंट्रोल ठेव

चि. मुलीस आशीर्वाद.

'वजनरहित अवस्थेत कॅन्सर मरतो' ही बातमी पाठवून तू विचारलंस, गोव्यात ताळगावच्या पठारावर बसून असलं काम करण्यात अर्थ आहे का. आहे. बातमीने हुरळून उडी घेणार असशील तर मात्र घेऊ नको.

अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर असतं, तिथेही गुरुत्वाकर्षण इथल्या जवळजवळ 90 टक्के. स्थानक सतत पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही. पेशी तळाला बसत नाहीत, एकमेकींना धरून गोळे करतात. 2011 मध्ये चीनच्या शेनचौ-8 यानातून गेलेल्या थायरॉइड कॅन्सरच्या पेशींनी असे गोळे केले. मोठ्या गोळ्याच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी पोचतो, औषधही नीट पोचत नाही. खऱ्या गाठीतही असंच होतं. सपाट डिशमध्ये हे दिसत नाही.

जमिनीवर याची नक्कल करायला तुझ्याकडे आडव्या अक्षावर फिरणारं भांडं असेल, त्यात पेशी तळाला न बसता तरंगत राहतात. मग तेच भांडं, तेच मीडियम (पेशी वाढवायचा द्रव), तोच वेग, फक्त अक्ष उभा, हा तुझा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट. इन्क्युबेटरमधली स्थिर डिश नव्हे गं! फिरण्याचा परिणाम वेगळा कसा काढशील? आणि भरताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नको. मसुराएवढ्या बुडबुड्यानेही द्रव ढवळला जातो, पेशींना मार बसतो, आणि तू लिहिशील, वजनरहिततेने मेल्या. स्थानकावरसुद्धा काही पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये 1 जी वर, म्हणजे पृथ्वीइतकं वजन जाणवेल अशा, फिरवतात, कारण उड्डाणाचे हादरे आणि किरणोत्सर्ग दोन्ही गटांना सारखेच बसतात. एवढ्या खर्चात ते कंट्रोल ठेवतात, तुझं काय अडतं?

आमच्या वरिष्ठांनी एकदा अशाच फिरत्या भांड्यातल्या प्रयोगाचा पेपर कंट्रोलविना पाठवायचं ठरवलं. मी सही केली नाही. बढती गेली, काम दुसऱ्याकडे गेलं. ते भांडं पुन्हा हाती आलं नाही याची खंत आजही आहे, सही न केल्याची नाही. हट्टी म्हणाले. अर्ध्या डेटावर सही कशी करायची? परवा गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) केमो घेऊन आलेली शेजारीण हीच बातमी दाखवत विचारत होती, हे औषध आपल्याकडे कधी येणार. तिला काय सांगायचं, तूच सांग.

पावसात वीज जाईल. दोन्ही भांडी एकाच इन्व्हर्टरवर लाव, थांबली तर दोन्ही थांबू देत. पहिल्या फेरीचे आकडे पाठव, दोन्ही भांड्यांचे. एकाचेच असले तर पाठवू नको.