“काल दिसला न्हाईसा?”

“मावशी, आम्ही एप्रिलमध्ये कोल्हापूर सोडून हिमाचलात पालमपूरला आलो. ह्यांची बँकेतली बदली, तीन वर्षांसाठी. मी शाळेतली नोकरी सोडून आलो. घर भाड्याचं, वरचा मजला. खिडकीतून धौलाधार डोंगरांचा बर्फ दिसतो. खाली मालकीणबाई राहतात. थोरली आठवीत आहे. वर्गात ‘मैं घर गया था’ म्हणाली आणि सगळी पोरं हसली, तेव्हापासून शाळेत तोंड उघडत नाही. धाकटा पहिलीत, तो उलट घरीसुद्धा हिंदीच बोलतो. सासूबाई दसरा झाल्यावर आल्या आणि महिनाभरात ‘माझं तिकीट काढा’ सुरू झालं. शिवाजी पेठेतून रोज पहाटे अंबाबाईला जाणारी बाई इथं दिवसभर रजई घेऊन खिडकीत बसते. चढ आहे, थंडी आहे, म्हणून त्यांना कशालाच हात लावू देत नाही, तरी तोंड पाडून. परवा म्हणाल्या, ‘किरणोत्सवाला मी तिथं पायजे होतो.’ हे म्हणतात, पाठवून दे. पण तिथं त्या एकट्या. पाठवू की नको? आठ महिने झाले तरी ह्या घराला घरपण येत नाही. सात खोकी अजून उघडलेली नाहीत. मला काय, चालतंय. ता. क. इथं भाकरी सारखी मोडते. काय करावं?”
– एक कोल्हापूरकर, मुक्काम पालमपूर

पोरी,

तुझं पत्र चार पानांचं होतं, इथं कमी करून छापलंय. मी ते दोनदा वाचलं. दीड पान सासूबाई, दोन पानं पोरं, उरलेल्यात ह्यांची बँक आणि थंडी. ‘मला’ हा शब्द चार पानांत एकदाच आलाय, ‘मला काय, चालतंय’ ह्या ओळीत. त्या ओळीकडे मी येणार आहे. आधी सासूबाई, कारण प्रश्न तू त्यांचा विचारलायस.

त्यांना अंबाबाई आठवते हे खरंच. पण नुसती देवी आठवत असती तर त्यांनी पालमपुरात देवघर मांडून मन रमवलं असतं. त्यांची पहाटेची वाट आठवून बघ. पेठेतून निघायचं, कोपऱ्यावर दूधवाला, महाद्वारात चपला सांभाळणारी बाई, फुलवाली, येताना कपिलतीर्थ मंडईत मेथीची पेंडी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवणारी माळीण. गुडघा दुखला म्हणून एक दिवस गेल्या नाहीत की दुसऱ्या दिवशी ह्यातलं कुणीतरी विचारणार, “काल दिसला न्हाईसा?” गाव आपलं असतं ते ह्या प्रश्नामुळं. आपण दिसलो नाही तर कुणाला तरी चुकल्यासारखं वाटतं. पालमपुरात सासूबाई आठवडाभर खिडकीतून हलल्या नाहीत तरी घराबाहेर कुणालाच कळणार नाही. हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून त्या तिकीट मागतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८४ साली आमच्या ह्यांची बदली रुडकीला झाली. गंगेचा मोठा कालवा गावातून जातो, पाणी बारमाही वाहतं, आणि मी त्या काठावर बसून पंचगंगेचा घाट आठवून रडायची. लोखंडी ट्रंक तशीच बांधून ठेवली होती, तुझ्या खोक्यांसारखी. आपण परतच जाणार, मग उघडायची कशाला? डिसेंबरात मला तापानं गाठलं, हे दौऱ्यावर होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सरदारनीनं दार वाजवलं. म्हणाली, “दो दिन से आपके कपड़े नहीं सूखे रस्सी पर।” सहा महिने मी तिच्याशी धड चार वाक्यं बोलले नव्हते, आणि ती रोज माझी दोरी बघत होती. त्या संध्याकाळी तिनं आणलेली खिचडी खाऊन मी ट्रंक उघडली. म्हणून तुझं पत्र वाचताना मी तिथंच थांबले, सात खोक्यांवर.

तू सासूबाईंना कशाला हात लावू देत नाहीस. माया आहे, मला कळतंय. चढावर पाय घसरेल, पाणी बर्फासारखं, वय झालंय. पण पन्नास वर्षं ज्या बाईनं घर चालवलं तिच्या हातातलं सगळं काम काढून घेतलंस आणि बदल्यात खिडकी दिलीस. तो बर्फ दोन दिवस बघवतो. त्यांना काम दे, आणि लुटुपुटूचं देऊ नकोस. सकाळची भाजी त्यांची. दुपारी बारा ते तीन अंगणात ऊन येत असेल, तिथं खाली मालकीणबाईंबरोबर बसून लसूण सोलायचा. भाषा येत नाही म्हणून अडणार नाही. दोन म्हाताऱ्या बायका आणि पाटीभर लसूण, ह्याला दुभाष्या लागत नाही. संक्रांत आता जवळच आलीय. तिकडं आदल्या दिवशी लोहडी असते, पोरं दारोदार गाणी म्हणत येतात, शेंगदाणे-रेवड्या वाटतात. सासूबाईंना आपला गूळ मागवून दे आणि तिळगूळ त्यांच्या हातानं वळून, त्यांच्याच हातानं वाटू दे. डबा घेऊन तू जाऊ नकोस. त्यांना जाऊ दे, हात धरायला धाकट्याला पाठव.

त्याच आठवड्यात त्यांना कांगड्याला ने. पालमपूरहून दीड-दोन तासांत होतं. तिथं वज्रेश्वरीचं, तिथल्या बोलीत ब्रजेश्वरीचं, देऊळ आहे, शक्तिपीठ मानतात. संक्रांतीला देवीच्या पिंडीवर लोण्याचा जाड लेप चढवतात, तो आठवडाभर राहतो आणि मग प्रसाद म्हणून वाटतात. १९०५ च्या ४ एप्रिलच्या भूकंपात जुनं देऊळ कोसळलं, हजारो माणसं गेली, सगळं कांगडा खोरं मोडलं आणि लोकांनी देऊळ पुन्हा उभं केलं. सासूबाईंनी घरात पुराचं पाणी पाहिलेलं असेल तर हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता तिकीट. ‘पाठवून दे’ हे शब्द घरात पुन्हा बोलायचे नाहीत, हे तुझ्या नवऱ्याला माझ्याकडून सांग. आईला कुणी पाठवून देत नाही. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी दुसरा किरणोत्सव आहे, मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात तो. नोव्हेंबरचा हुकला तो हुकला, हा हुकू देऊ नका. दिल्लीहून कोल्हापूरची थेट गाडी आठवड्यातून एकदाच असते, त्या हिशेबानं नवऱ्यानं रजा काढावी आणि स्वतः सोडायला जावं. प्रवास २,००० किलोमीटरांहून जास्त आहे, ह्या वयात एकटीनं नको. तुझी नणंद इचलकरंजीत असते असं तू लिहिलंयस, ती अधूनमधून पेठेत राहायला येऊ शकते. जाताना परतीचं तिकीटही काढून ठेवा, पाडवा झाल्यावरचं. कडाक्याची थंडी त्यांची कोल्हापुरात जाईल, चैत्रात पुन्हा पालमपुरात. आल्यावर त्यांना राहायचं नसेल तर तो त्यांचा निर्णय, आणि तो तुम्ही ऐकायचा. पण काम न देता आणि न विचारता पाठवलंत तर त्या आयुष्यभर म्हणतील, सुनेच्या घरी माझं काही नव्हतं.

तोवरचे थंडीचे दिवस जपून काढा. पालमपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पाच अंशांच्या आसपास जातो, आपण चौदाला शाल काढणारी माणसं. बंद खोलीत कोळशाची शेगडी रात्रभर ठेवू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. त्या धुरातला विषारी वायू वास न येता माणूस मारतो. थंडीत रक्तदाब चढतो, त्यांची गोळी चालू असेल तर महिन्यातून एकदा तपासून घे.

थोरलीबद्दल वाचताना माझ्या पोटात तुटलं. ‘मैं घर गया था’ ही चूक नाही पोरी, ते कोल्हापूर आहे. आपल्याकडं बायका ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’च म्हणतात. तूही पत्रात ‘नोकरी सोडून आलो’ लिहिलंयस, तुझ्या सासूबाईही ‘पायजे होतो’ म्हणाल्या. मी लिहिताना ‘गेले’ लिहिते, बोलताना माझ्या तोंडी ‘गेलो’च येतं. तिनं तिच्या आजीची बोली हिंदीत नेली, एवढंच झालं. हे तिला असंच सांग. तुझं हिंदी कच्चं आहे असं सांगू नकोस. मग तिला हेही सांग की हिंदीत मुलगी ‘गई थी’ म्हणते आणि बाईंना ‘तू’ म्हटलेलं त्यांना लागतं, आपल्याकडं आईला ‘तू’ म्हणणं मायेचं असलं तरी. रोज रात्री दहा मिनिटं तुम्ही दोघी फक्त हिंदीत बोला, चुका दोघींच्या. आणि एक दिवस मालकीणबाईंना विचारा, तुमच्या कांगडी बोलीत हे कसं म्हणतात? पुस्तकातलं हिंदी त्यांचंही घरचं नाही. वर्गातल्या पोरांचंही नाही. हे तिला एकदा कळलं की तोंड उघडेल. तरीही दोन महिन्यांत ती गप्पच राहिली, जेवण कमी झालं, झोप उडाली, तर वर्गशिक्षिकेला भेट. तेव्हा ‘चालतंय’ म्हणू नकोस.

धाकट्याची काळजी सोड. सहा वर्षांचं पोर जिथं खेळ तिथली भाषा बोलतं. आजी घरात आहे तोवर त्याची मराठी कुठं जात नाही. हेही सासूबाईंचं कामच समज.

तुझा नवरा बँकेतून येतो आणि फोन घेऊन बसतो, असं एक वाक्य तू खोडलंयस. खोडलेलं मला वाचता आलं. तो शिवाजी पेठेतला, तालमीत वाढलेला. कांगड्याकडं उन्हाळ्याच्या तोंडी गावोगाव कुस्त्यांच्या जत्रा भरतात, त्यांना छिंज म्हणतात. ढोल वाजतो, माती असते, लोक गोल बसतात. त्याला आणि धाकट्याला धाड. खासबागेच्या कुस्ती मैदानात बसलेल्या माणसाला त्या फडाजवळ परकं वाटणार नाही. तिथल्या लग्नाचं आमंत्रण आलं तर सगळेजण जा. धाम म्हणतात त्या जेवणाला: जमिनीवर पंगत, पानांच्या पत्रावळी, बोटी म्हणजे स्वयंपाकी ओळीनं वाढत येतात, भात आणि एकामागून एक डाळी, मदरा म्हणजे दह्यातली उसळ, शेवटी गोड भात. पंगतीत बसलेलं माणूस पाहुणं राहत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मराठी कान हवेच असतील तर सराफ कट्ट्यावर चौकशी करा. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, उत्तरेतल्या कितीतरी गावांत दुकानं टाकून बसलेत, कांगडा-पठाणकोटकडेही असतील. पण आधी पालमपूर, मग मराठी मंडळी. आम्ही रुडकीत उलटं केलं आणि एक वर्ष वाया गेलं.

आता ती ओळ. ‘मला काय, चालतंय.’ दहा वर्षं गणित शिकवलंस. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत चाळीस पोरं तुझी वाट बघत होती. एप्रिलपासून फक्त कुकर आणि शाळेची गाडी तुझी वाट बघतात. सासूबाईंचं दुःख तुला इतकं नेमकं दिसलं, कारण ते तुझंही आहे. त्या बोलल्या, तू बोलली नाहीस. आज संध्याकाळी नवऱ्याला बसवून सांग, ‘मला चालत नाही.’ भांडण म्हणून नको, बातमी म्हणून सांग. त्याला खरंच माहीत नसेल. आणि मालकीणबाईंच्या नातवाला नाहीतर गल्लीतल्या एका पोराला संध्याकाळी पाच वाजता गणित शिकवायला घे. पैसे घे, थोडे का होईनात. एकच पोर पुरे. सहाव्या दिवशी ते सव्वापाचला आलं आणि तुझी नजर दाराकडं गेली, की तुझंही तिथं कुणीतरी आहे असं वाटेल. शाळांकडं अर्ज मार्चआधी टाक. एप्रिलपासून त्यांचं नवीन वर्ष सुरू होतं.

राहिली भाकरी. पीठ कोल्हापूरहून पार्सलनं मागवतेस ना? ते पोचेपर्यंत शिळं होतं, शिळ्या पिठाला चिकटपणा राहत नाही, म्हणून मोडते. पीठ नको, ज्वारी मागव, आणि तिथल्या चक्कीवर आठवड्यापुरतीच दळून आण. पाणी उकळतं घाल, पीठ थोडा वेळ झाकून ठेव, मग तळहातानं भरपूर मळ. थंडीत गार पाण्यानं मळलेली भाकरी थापताना फाटणारच. हे तू मला विचारलंस, घरात मात्र विचारलं नाहीस. सासूबाईंच्या हाताखाली एकदा थाप. आणि स्टीलच्या परातीत थापू नकोस. लाकडी काटवट आणलीय का, आणली असेल तर सातांतल्या कुठल्या खोक्यात आहे, हे सासूबाईंना नक्की माहीत असेल. खोकी बांधताना त्या होत्या.

– मावशी