सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्याच दिवशी ऑइल गळून इंजिन जाम झालं आणि गॅरेजवाला हात वर करतोय, तर भरपाई मिळते का?

हो, मिळते, पण चूक गॅरेजची आहे हे दाखवणारा पुरावा गाडी उघडण्याआधीच हातात हवा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 प्रमाणे ताब्यात घेतलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणं गॅरेजवर बंधनकारक आहे. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावली म्हणून हलगर्जीपणा माफ होत नाही.

गाडी स्टार्ट करू नका, टो करून न्या. ऑइल चेंबरचा ड्रेन प्लग (ऑइल काढायचा तळाचा बोल्ट) सैल आहे का, वॉशर जुनाच दाबलाय का, ऑइल फिल्टरच्या कडेने गळतंय का, याचे फोटो कोणी पाना लावायच्या आधी काढा. एकदा प्लग आवळला की पुरावा गेलाच समजा. सोबत किलोमीटरचा आकडा, जॉबकार्ड (गॅरेजने लिहिलेली कामाची नोंद) आणि पक्कं बिल. दुसऱ्या वर्कशॉपकडून बिघाडाचं कारण आणि खर्चाचं एस्टिमेट लेखी घ्या.

मग गॅरेजला स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस द्या. दाद नाही दिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा चालतो, मुदत 2 वर्षं, आणि दिलेलं बिल 5 लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही.

मात्र ऑइलचा लाल दिवा लागूनही गाडी पुढे दामटली असेल, तर भरपाई कमी होऊ शकते.