फायटरला शेजारी हवेत का?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच माशाबद्दल आहेत. बेट्टा, म्हणजे आपल्याकडच्या दुकानांतला 'फायटर'.

प्रश्न : निळा नर फायटर सहा महिने काचेच्या बाऊलमध्ये ठणठणीत होता. एकटा पडतो म्हणून गप्पीची जोडी सोडली. दुसऱ्या दिवशी नर गप्पीची शेपटी कुरतडलेली! असं का झालं? (पुणे)

आधी गप्पी बाहेर काढा, मग पुढचं वाचा.

एकटेपणाची काळजी तुमची आहे, त्याची नाही. थायलंडच्या भातखाचरांत आणि उथळ, संथ पाण्यात राहणारा हा मासा. नर आपला कोपरा धरतो, पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो आणि जवळ येईल त्याला हुसकावतो. थाई भाषेत त्याला 'प्ला काट' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. रंगीत, मोठ्या शेपटीचा गप्पी त्याला दुसरा नर फायटरच वाटतो. तेव्हा तुमच्या माशाने खोडी काढलेली नाही, तो स्वभावाला धरून वागला.

आता बाऊलबद्दल. फायटर हवेतला प्राणवायू थेट घेऊ शकतो, म्हणून कोंदट पाण्यातही तग धरतो. पण तग धरणं म्हणजे सुखात असणं नव्हे. तेवढ्याशा पाण्यात विष्ठेतून सुटणारा अमोनिया झपाट्याने साठतो, आणि तुम्ही तिथे आणखी दोन मासे घातलेत. एकट्या फायटरला निदान २० लिटरचा टँक, स्पंज फिल्टर, २४ ते २८ अंश तापमानाचं पाणी आणि वर झाकण द्या, कारण तो उड्या मारतो. पाणी आणि झाकण यांत बोटभर हवा मात्र राहू द्या.

प्रश्न : दोन फुटी, ६० लिटरचा टँक तीन महिने चालू आहे, झाडं दाट आहेत. फायटरसोबत काय ठेवू? (नाशिक)

असं पत्र आलं की बरं वाटतं. तीन महिन्यांत फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू स्थिरावलेले असतात, म्हणजे निम्मं काम झालं.

फायटर बहुतेक वेळ वरच्या थरात असतो, म्हणून शेजारी खालचे आणि मधले निवडा. तळाला सहा कोरीडोरस, पण त्यांना बारीक वाळू हवी. टोकदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात. मधल्या थरात आठ हार्लेक्विन रासबोरा किंवा एम्बर टेट्रा. दोन-तीनच आणू नका. थवा लहान असला की हे मासे बिथरतात, आणि बिथरलेले मासे दुसऱ्यांचे पर ओढतात. टायगर बार्ब तर मुळीच नको, लांब पर त्यांना खाऊच वाटतो. एंजल आणि गोरामीही नकोत. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. शेजारी आधी, फायटर सगळ्यात शेवटी. तो आधी गेला तर अख्खा टँक आपलाच मानतो. पहिला तास समोर बसून बघा. कल्ले फुगवून दाखवले तर घाबरू नका. एकाच माशामागे टँकभर धावत सुटला तर त्याला बाहेर काढा. त्यासाठी छोटा टँक आधीच तयार ठेवा, कारण प्रत्येक फायटर वेगळा. माझ्याकडचा लाल नर रासबोरांमध्ये वर्षभर शांत राहिला. त्याच टँकमध्ये नंतर आलेल्या पांढऱ्या नराने पहिल्याच रात्री कोळंब्या फस्त केल्या.

तुमच्याकडे थंडीत पारा चांगलाच उतरतो. हीटर घ्याच.

प्रश्न : शेवाळ खायला दुकानदाराने 'सकर' दिला. फायटरसोबत चालेल? (ठाणे)

नाही. बोटभर दिसणारा हा मासा फूटभराच्या वर वाढतो आणि प्रचंड घाण करतो. दुकानात परत द्या. शेवाळासाठी दिवा सहा ते आठ तासच लावा आणि दोन-तीन नेराइट गोगलगायी आणा. सकर नदी-तलावात मात्र कधीही सोडू नका! भारतातल्या अनेक ठिकाणच्या पाण्यात तो असाच पसरला आहे आणि तिथल्या माशांच्या मुळावर आला आहे.

प्रश्न : दोन माद्या एकत्र राहतील? (कोल्हापूर)

नको. एक दुसरीला सतत दाबते, आणि दबलेली मादी कोपऱ्यात उपाशी राहते. नर-मादीही कायम एकत्र ठेवू नका. अंडी घातल्यावर नर मादीला जीवघेणा चोप देतो.

प्रश्न : 'मिस केरळ' फार आवडतो. फायटरच्या टँकमध्ये चालेल? (सावंतवाडी)

आवड उत्तम, जोडी चुकीची. हा पश्चिम घाटातल्या केरळ-कर्नाटकच्या वाहत्या ओढ्यांतला मासा. त्याला गार, प्रवाही पाणी, सहा-सात सोबती आणि निदान चार फुटी टँक लागतो. फायटर तशा प्रवाहात दमून जातो. शिवाय रानात मिस केरळची संख्या धोक्यात आहे. घ्यायचाच तर तो रानातून पकडलेला नाही, पैदास केलेला आहे, एवढं दुकानदाराला विचारूनच घ्या.