डोंगग्वानमधील कामगारांची राहणी, खर्च आणि मुलांची शाळा

नमस्कार. डाय-कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवण्याच्या, कामासाठी तुम्हाला चीनमधल्या डोंगग्वानहून बोलावणे आले आहे. कंपनीच्या वसतिगृहात तिथल्या कामगारांसारखे राहिल्यास किती शिल्लक पडेल आणि पत्नी व पाचवीतील मुलगी सोबत येऊ शकतील का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाची माहिती वकिलातीच्या संकेतस्थळावर आहे, म्हणून ती इथे देत नाही.

कामगारांची राहणी स्वस्त आहे, हे खरे. मार्च २०२५ पासून डोंगग्वानचे किमान मासिक वेतन २०८० युआन आहे आणि साध्या कामगाराचा मूळ पगार बहुधा त्याच्याच आसपास असतो. खरी कमाई ओव्हरटाइमची, ज्याला एरवी दीडपट, साप्ताहिक सुटीला दुप्पट आणि सणाच्या सुटीला तिप्पट दर मिळतो. कायद्याने त्याला महिन्याला ३६ तासांची मर्यादा आहे, पण हंगामात ती सर्रास ओलांडली जाते. आणि नोकरी विचारायला आलेली माणसेही आधी ओव्हरटाइमचीच चौकशी करतात, कारण नुसत्या मूळ पगारात घरी पाठवण्याजोगे काही उरत नाही. वसतिगृहाच्या एका खोलीत सहा-आठ जण असतात. दुमजली लोखंडी पलंग, प्रत्येकाने आपापला लावलेला पडदा, दांडीवर वाळणारे गणवेश, आणि रात्री त्या पडद्यांआडून मोबाइलवर मुलांचा अभ्यास घेणारे दबके आवाज.

ही स्वस्ताई एकट्या माणसाची आहे. इथल्या कामगारांची हुकोऊ, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद, गावाकडची असल्यामुळे मुलांच्या शहरातल्या सरकारी शाळेतील प्रवेशासाठी सामाजिक विमा भरल्याची वर्षे, घर, शिक्षण यांचे गुण जमवावे लागतात, आणि पुढे विद्यापीठाची प्रवेश परीक्षाही बहुतेकांना मूळ प्रांतातूनच द्यावी लागते. म्हणून हुनान, ग्वांगशी, सिचुआन अशा मूळ प्रांतांत त्यांची मुले आजी-आजोबांजवळ वाढतात.

मी इथे डोंगग्वानमध्ये काम करतो आणि माझा मुलगाही सांगलीला आजी-आजोबांकडेच आहे. इथल्या एका शाळेने जन्मदाखल्याचे भाषांतर मागितले, मग त्यावर शिक्के, मग घरभाड्याच्या कराराची नवी प्रत, आणि सगळे दिल्यावर जागा नसल्याचे कळवले; त्याचा राग अजून गेलेला नाही. आंतरराष्ट्रीय शाळांची फी वर्षाला लाख-दीड लाख युआनच्या घरात जाते. आमच्या लाइनवरची हुनानची एक बाई मुलीला चिनी नववर्षाच्या सुटीत भेटते आणि मी मुलाला गणपतीत भेटतो. आमच्या पगारांत पुष्कळ फरक आहे, या बाबतीत मात्र काहीच नाही.

एकटेपणाचेही तुम्ही विचारले आहे. त्याची सवय होते.

तेव्हा सही करण्यापूर्वी शाळेची फी कंपनी देणार का, कुटुंबासाठी वेगळे घर मिळणार का आणि वर्षातून किती वेळा तिकिटासह रजा मिळणार, हे करारातच लिहून घ्या. फोनवरच्या होकारावर विसंबू नका. फीबद्दल नकार आला, तर शिलकीचा हिशेब मुलगी कोल्हापुरातच राहील असे धरून करा, आणि तो सही करण्याआधी तिच्या आईसमोर मांडा.