यूएसडीटीचे अडीच रुपये आणि कापसाचं खातं

राळेगाव तालुक्यातल्या एका गावातून 27 वर्षांच्या तरुणाचं पत्र आलंय. बीएस्सी झालेला, गावात मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान, घरची सात एकर कोरडवाहू. यंदा बाबांनी कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला दिला, त्याचे आणि तुरीचे मिळून 3 लाख रुपये बाबांच्या खात्यात पडून आहेत. यवतमाळच्या मित्राने त्याला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो, 90 रुपयांना मिळतं आणि दुसऱ्याला 92 रुपये 50 पैशांना विकता येतं. मधे एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी नाही, केवायसी नाही, पॅन-आधार कोणी मागत नाही. त्याने स्वतःच्या खात्यावरून छोटे सात सौदे केले, चार हजारांच्या वर सुटले. आता 3 लाख फिरवायचेत, तेही बाबांच्या खात्यावरून, कारण “शेतकऱ्याच्या खात्याले कर लागत नाही.” पत्राच्या शेवटी विचारलंय, “पैसा पडून राहण्यापरीस फिरता राहिलेला बरा ना, सर?”

भाऊ, आधी तुमचा हिशेब तुमच्याच आकड्यांनी मांडतो. 3 लाखांत 90 च्या भावाने साधारण 3,333 यूएसडीटी येतील. 92.50 ने विकले की 3,08,333 रुपये. एका फेरीत 8,333 सुटले. महिन्यात चार फेऱ्या धरून तुम्ही 33 हजार लिहिलेत, गुणाकार बरोबर आहे. पण या नफ्यावर 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के उपकर आहे, म्हणजे फेरीमागे 2,600 रुपये सरकारचे. एका फेरीत 8 हजार बुडाले आणि पुढच्या फेरीत 8 हजार कमावले, तरी दुसऱ्या फेरीवरचा कर पूर्ण भरावा लागतो. क्रिप्टोतला तोटा कशातूनच वजा होत नाही. 2022 पासून हा नियम आहे. कराच्या बाबतीत बाबांचा सातबारा इथे कामाचा नाही. कर माफ आहे तो शेतीच्या उत्पन्नाला. शेतकऱ्याच्या खात्यात येणारा प्रत्येक रुपया त्यात मोडत नाही.

जुलै 2022 पासून क्रिप्टो विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याचा 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापून भरायचा असतो. तुमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकाला वर्षाला 50 हजारांपर्यंत सूट आहे, 3 लाखांच्या पहिल्याच खरेदीत ती संपते. टीडीएस भरायला समोरच्याचा पॅन लागतो, आणि पॅन नसेल तर 1 ऐवजी 20 टक्के कापावे लागतात. टेलिग्रामवरच्या माणसाला सांगून बघा की 3 लाखांतले 60 हजार कापून देतो. म्हणजे ओळख न विचारता एवढ्या रकमेचा सौदा नियमात बसवायला जागाच उरत नाही.

मित्र म्हणतो की सुप्रीम कोर्टाने परवानगी दिलेली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली होती, ते परिपत्रक कोर्टाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं. क्रिप्टो बाळगणं गुन्हा नाही, इतपत मित्राचं खरं आहे. पण ज्या पैशाने कोणी ते तुमच्याकडून विकत घेतो, तो पैसा त्याने कुठून आणला, याला त्या निकालाचं काही संरक्षण नाही.

तुम्ही पत्रासोबत तुमच्या खात्याच्या स्टेटमेंटचा फोटो पाठवलात, ते फार बरं केलंत. मी तो मोठा करून ओळ न् ओळ वाचला. सात वेळा पैसे जमा झालेत. ज्याच्याशी चॅटवर बोलून भाव ठरला, त्याच नावाने पैसे आलेत फक्त दोनदा. बाकी पाच वेळा पाठवणारा वेगळाच आहे. आणि चौथी ओळ पाहा. एका बाईच्या बचत खात्यातून 9,500 रुपये आलेत, आणि यूपीआयच्या शेऱ्यात तिने इंग्रजीत लिहिलंय, ‘टास्क डिपॉझिट’.

ही ओळ वाचून मी थांबलो. यूएसडीटी घेणारा माणूस असा शेरा लिहीत नाही. घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या, आधी थोडी रक्कम भरा, मग दुप्पट घ्या, अशी जी फसवणूक चालते तिच्यात पैसे भरणारा माणूस असं लिहितो. त्या बाईला वाटलं की ती कुठल्या कंपनीत पैसे भरतेय. फसवणाऱ्याने तिला यूपीआय आयडी दिला तो तुमचा. तिचे पैसे तुमच्याकडे आले, तुम्ही यूएसडीटी फसवणाऱ्याच्या वॉलेटमध्ये टाकलेत, आणि तो मोकळा झाला. अजून शाबित काहीच झालेलं नाही, पण मला त्या ओळीचा दुसरा अर्थ लागत नाही. तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मी मानतो. कागदावर मात्र त्या बाईच्या पैशाच्या वाटेत नाव आहे ते तुमचं.

अडीच रुपये कशाचे मिळतात, हे यातून ध्यानात घ्या. भारतात यूएसडीटीचा भाव तसाही थोडा चढा असतो, त्याला टीडीएस वगैरे सरळ कारणंही आहेत. पण नोंदणीकृत एक्स्चेंजवर माल मिळत असताना जो अनोळखी पोराला वरचे पैसे देतो, त्याला तुमचं खातं हवं असतं. तुमचं खातं केवायसी झालेलं आहे, त्याला आधार-पॅन जोडलेलं आहे, त्यावर घराचा पत्ता आहे. बिनओळखीचा सौदा म्हणतात खरा, पण ओळख नसते ती समोरच्याची. तुमची पुरती असते.

पुढे काय होतं, ते मी एका घरात जवळून पाहिलंय. वरूडकडचे संत्रा बागायतदार, माझे जुने अशील. त्यांच्या मुलाने असेच यूएसडीटी विकले, पैसे घेतले वडिलांच्या खात्यावर. कोणीतरी दुसऱ्या राज्यात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार केली. त्या तक्रारीवरून पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला त्या सगळ्या बँकांना सूचना जाते. वादातली रक्कम होती 18,500. गोठलं अख्खं खातं, त्यात आंबिया बहाराचे 2 लाख 40 हजार. मे महिन्यात ते पासबुक घेऊन माझ्यासमोर बसले होते. एटीएम चालत नव्हतं, चेक परत आलेला, आणि शाखेतून उत्तर एकच, पोलिसांकडून पत्र आणा. पोलीस ठाणं इथून हजारावर किलोमीटर. मृग लागला तरी खातं बंदच. शेतातल्या खालच्या पट्ट्यासाठी बियाणं त्यांनी कृषी केंद्रातून उधारीत उचललं, तेही वरच्या भावाने. खातं सुटलं दिवाळीनंतर. त्या माणसाने आयुष्यात एकदाही क्रिप्टो हा शब्द उच्चारला नव्हता.

म्हणून बाबांच्या खात्याला तुम्ही हात लावू नये, असं मी कळवळून सांगतो. त्या खात्यात सीसीआयचे पैसे येतात. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाचे 12 हजार, पीकविमा, अतिवृष्टीची मदत, सगळं आधारला जोडलेल्या त्याच एका खात्यात. शहरातल्या नोकरदाराची तीन खाती असतात, एक बंद पडलं तरी घर चालतं. आपल्या घरांचं सगळं एकाच दारातून आत येतं. आणि नोटीस निघेल ती खातेदाराच्या नावाने. परराज्यातल्या पोलीस ठाण्यात साठीच्या बापाने काय सांगायचं? सही त्याची, खातं त्याचं. तुमचा हिशेब 3 लाखांवर महिन्याला 33 हजार असा आहे. पण डावावर 3 लाखच नाहीत, पुढच्या हंगामात त्या खात्यात येणारा प्रत्येक रुपया आहे.

काही उच्च न्यायालयांनी म्हटलंय की वादातली रक्कम तेवढी रोखावी, सगळं खातं नको. ते न्याय्यच आहे. पण तो आदेश आपल्या खात्यापुरता मिळवायला वकील लागतो, तारखा लागतात, आणि पेरणी तारखेसाठी थांबत नाही.

रोखीने करू, असाही एक पर्याय तुम्ही लिहिलाय. नागपूरला भेटायचं, रोकड घ्यायची, मोबाइलवर यूएसडीटी पाठवायचे. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय यूएसडीटी एकदा गेले की परत बोलावता येत नाहीत. बनावट नोटा असोत की जागेवर हिसकावणूक, तक्रार करायची कोणाविरुद्ध? मित्र कमिशनवर दुसऱ्यांचे यूएसडीटी विकून देण्याचंही सुचवतोय. दुसऱ्यांसाठी धंदा म्हणून क्रिप्टो आणि रुपयांची अदलाबदल करणारे मार्च 2023 पासून मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली येतात, त्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. दुकानाच्या काउंटरवरून करायचं हे काम नाही.

आता झालेल्या सात सौद्यांचं काय करायचं ते ऐका. आजपासून एकही नवा सौदा नको. टेलिग्रामवरची चॅट पुसू नका. भीतीपोटी पोरं पहिलं तेच करतात आणि आपल्या बाजूचा एकमेव पुरावा घालवतात. प्रत्येक सौद्याचे स्क्रीनशॉट, ट्रान्झॅक्शन आयडी, समोरच्याचा वॉलेट पत्ता, बँकेचं स्टेटमेंट, सगळ्याच्या तारीखवार प्रिंट काढा. झेरॉक्स मशीन घरचंच आहे. ही फाइल एखाद्या वकिलाला दाखवा आणि त्यांना सोबत घेऊन यवतमाळच्या सायबर पोलिसांना चौथ्या ओळीची माहिती स्वतःहून लेखी द्या, पोच घ्या. नोटीस आल्यावर सांगणं आणि आधी सांगणं यात फार फरक पडतो. ते 9,500 चॅटवरच्या माणसाच्या सांगण्यावरून कुठेही परत पाठवू नका, तो पुन्हा तिसऱ्याचंच खातं देईल. आणि उद्या खातं गोठलंच, तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि ठाण्याचं नाव लेखी मागा. पैसे घेऊन खातं सोडवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला फोनही करू नका. चार हजारांचा नफा विवरणपत्रात क्रिप्टोच्या वेगळ्या तक्त्यात दाखवा आणि त्यावरचा कर भरा.

क्रिप्टोत शिरायचंच असेल तर नोंदणीकृत एक्स्चेंजवर, स्वतःच्या नावाने, दुकानाच्या कमाईतल्या पाच-दहा हजारांपुरतं. तिथेही हमी नाही. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवर सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. पण निदान कोणाचा पैसा कोणाकडे गेला, याची नोंद तरी असते.

राहिले 3 लाख. बाबांच्या नावावर 1 लाख 60 हजारांचं पीककर्ज आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझ्या मते या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत जाते, नवं कर्ज अडतं, मग सावकार आहेच. कर्जमाफी होईल म्हणून थांबा, असं पारावर कोणी म्हणेल. 2019 च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांनाही पुढे 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं होतं, हे त्यांना सांगा. मार्चअखेरच्या आत 1 लाख 60 हजार भरा. 90 हजार खरिपासाठी, बियाणं-खत-मजुरी धरून, चार महिन्यांच्या मुदत ठेवीत टाका, जूनच्या पहिल्या आठवड्यात हाताशी येतील अशी तारीख घ्या. उरले 50 हजार, ते घरच्या दवाखान्यापाण्यासाठी बचत खात्यात राहू द्या. पैसा पडून आहे, असं त्याला म्हणू नका.

आणि हे पत्र आज संध्याकाळी बाबांना वाचून दाखवा, चौथ्या ओळीसकट. त्यांना कळायला हवं, आणि ते तुमच्या तोंडून कळायला हवं.