उपवासाचा रविवार

प्रश्न : मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबात महिन्याचा उपवास कसा धरतात? लहान मुलांनीही करायचा का?

उत्तर : साधारणपणे महिन्याच्या पहिल्या रविवारी, सुमारे 24 तास. लागोपाठ दोन जेवणं सोडायची, पाणीही नाही. शनिवारी रात्री जेवलात, तर रविवारी रात्रीच उपवास सोडा. सुरुवात प्रार्थनेने करा आणि हेतू नेमका सांगा : अमक्याचं आजारपण, तमक्याची नोकरी. बहुतेकांचं इथेच चुकतं. हेतू नसला की उरते नुसती भूक आणि दुपारची चिडचिड. वाचलेल्या जेवणांचे पैसे, जमल्यास जास्तच, बिशपकडे, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाकडे, द्यायचे; ते गरजूंसाठी वापरतात. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, आजारी माणसं यांना सक्ती नाही. मुलाने हट्टच धरला, तर एक जेवण पुरे.