एकाच जनुकातून सरळ धागा आणि कडे

प्रश्न : कर्करोगाच्या पेशींतील मेदाचा चयापचय 'वर्तुळाकार आरएनए' नियंत्रित करतात, असे वाचनात आले. ते नेमके काय करतात? आणि रुग्णाने त्यासाठी तेल-तूप वर्ज्य करावे काय? — एक वाचक, सांगली

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो. गाठीतील पेशी बाहेरचा मेद घेतातच, पण त्यांपैकी पुष्कळ पेशी ग्लुकोजपासून स्वतःही मेदाम्ले घडवतात, कारण प्रत्येक विभाजनाला नव्या पेशीपटलाची सामग्री लागते. त्यामुळे ताटातले तूप बंद केले की गाठीची उपासमार होईल, हा हिशेब जुळत नाही. उलट उपचारांच्या काळात रुग्णाचे वजन घटणे हीच मोठी चिंता असते.

आता वर्तुळाकडे वळू. जनुकाची आरएनए प्रत तयार झाली, की तिच्यातील नको असलेले भाग कापून उरलेले तुकडे क्रमाने जोडले जातात. कधीकधी मात्र पुढच्या तुकड्याचे शेपूट मागच्या तुकड्याच्या तोंडाला जोडले जाते आणि मोकळी टोके नसलेले कडे तयार होते. टोकापासून आरएनए कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) तेथे सुरुवात करायला जागाच नसते, म्हणून ते अधिक काळ टिकते. २०१३ मध्ये अशा एका कड्यावर, जनुकांचे काम दाबणाऱ्या 'मिर-७' या सूक्ष्म आरएनएला धरून ठेवणाऱ्या ७० हून अधिक जागा आढळल्या आणि तेव्हापासून दिसेल त्या कड्याला सूक्ष्म आरएनए शोषून घेणारा 'स्पंज' म्हणण्याची लाटच आली. बहुतेक कडी पेशीत इतकी थोडी असतात, की हे स्पष्टीकरण सरसकट लावणे मला पटत नाही.

मेदाच्या संदर्भात २०१९ मध्ये वर्णिलेले 'सर्क-एसीसी-१' हे कडे अधिक उद्बोधक आहे. एसीसी-१ जनुकाच्या सरळ आरएनएपासून मेदाम्ले घडवण्याच्या वाटेवरचे कळीचे विकर बनते. पोषणाची टंचाई झाली, की 'सी-जून' हे प्रथिन त्याच जनुकाच्या कड्याची निर्मिती वाढवते. ते कडे पेशीतील ऊर्जेवर पहारा ठेवणाऱ्या एएमपीके या विकराच्या दोन घटकांशी जोडले जाऊन त्याला स्थिर व सक्रिय करते. आणि सक्रिय एएमपीके फॉस्फेट जोडून एसीसी-१ विकरालाच थोपवते. म्हणजे जनुकाचा सरळ धागा मेद बनवतो आणि त्याचेच कडे ते काम अडवते. मेद जाळण्याचा वेग वाढतो आणि टंचाईतही पेशी तग धरते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या, एएमपीके सक्रिय असलेल्या ऊतींत हे कडे वाढलेले आढळले, तर उंदरांत रोपलेल्या गाठींमध्ये त्याचे प्रमाण बदलताच गाठींची वाढही बदलली.